काडूचा ड

"पाणी वाहतं का साचलेलं?" दुकानदारानं विचारलं.

"नदी आहे," मी म्हटलं.

"नदी आहे ते कळलं ताई. पण बसणार कुठं? डोहावर का धारेला? तळ खडकाचा का गाळाचा? आणि मासा कोणता पाहिजे?"

रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीतलं ते दुकान. छताला दोरखंड आणि जाळी टांगलेली, खाली ताडपत्र्यांच्या घड्या, आणि काचेच्या कपाटात आकड्यांप्रमाणे लावून ठेवलेले गळ. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. हाफ डे टाकून तिथं आले होते. खांद्याला पर्स, पिशवीत न उघडलेला जेवणाचा डबा, आणि पायांचे तुकडे पडलेले. त्या वर्षात मला सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा आला असेल, तर तो प्रश्नांचा. फिजिओथेरपीचा मुलगा विचारायचा, बोटं किती हलली? डॉक्टर विचारायचे, जेवण किती जातं? पुण्याचा भाऊ रोज फोनवर विचारायचा, आज कसं आहे, जसं काही मी हवामान खात्यात होते. आणि आता हा माणूस मला गाळ का खडक विचारत होता.

खरं तर उत्तरं मला यायला हवी होती. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, नोकरीतले जवळजवळ सगळे रविवार नदीकाठी घालवले. तीन काठ्या, गळांचा एक पत्र्याचा डबा, आणि तंगुसाच्या, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याच्या, दोन गुंडाळ्या एवढी त्यांची इस्टेट होती. आणि मी त्यांची थोरली मुलगी, त्यातला गळ लहान होता की मोठा हेसुद्धा सांगू शकत नव्हते. त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण त्यांचं बोलणं गेलं होतं. दुकानदाराला नमुना दाखवायची सोय नव्हती, कारण ते सगळं सामान मी माझ्या हातानं भंगारात दिलं होतं.

ते कसं झालं, ते आधी सांगायला हवं.

आप्पा अंबडला एका कारखान्यात टर्नर होते. उभा जन्म लोखंड कातायच्या लेथवर गेला. कातलेल्या जॉबला मायक्रोमीटर लावण्याआधी ते त्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "केसभर जास्त आहे अजून." मग मोजायचे, आणि केसभर जास्तच निघायचं. निवृत्त झाले तरी बोटांची सवय गेली नाही. घरात नवीन ताटली आली तरी कडेवरून बोट फिरवून बघायचे. मागच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. सिडकोतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. कॉट आणि व्हीलचेअर मावेना म्हणून कोपऱ्यात उभ्या असलेल्या काठ्या आणि तो डबा मीच उचलून माळ्यावर टाकला. आई असती तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या. ती गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

दोन-अडीच महिन्यांनी आप्पांचे थोडे शब्द परत यायला लागले. शब्द म्हणजे अर्धे-मुर्धे. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला समजावून सांगितलं, "ढ, भ, ध, घ या अक्षरांना श्वासाचा जोर लागतो. तो जोर आता यांच्याकडे नाही. त्यामुळे भात म्हणायचं असेल तर बात म्हणतील. तुम्ही समजून घ्यायचं." मी ते वहीत लिहून घेतलं. बात म्हणजे भात. दर म्हणजे धर. गरी म्हणजे घरी. बाईंचं म्हणणं इतकं बरोबर निघत गेलं की पुढं मी डोकं चालवायचंच सोडून दिलं. थकलेल्या माणसाला एक नियम मिळाला की तो त्याच्यावर टेकून झोपतो.

मग आप्पांना एक शब्द लागला. सकाळ-दुपार-संध्याकाळ एकच. काडू.

वहीत मी लिहिलं, काडू म्हणजे काढू.

आता काय काढायचं? स्वेटर काढला, मोजे काढले. मनगटावरचं घड्याळ काढलं. कवळी काढली, मग जेवता येईना म्हणून परत बसवली. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं, तेही काढलं. प्रत्येक वेळी आप्पा मान हलवायचे आणि परत म्हणायचे, काडू. मी चिडायचे. खोटं कशाला सांगू, ओरडायचेसुद्धा. "एकदाच नीट सांगा ना आप्पा, काय काढू ते!" ज्या माणसाला नीट सांगता येत नव्हतं, त्याला मी हे सांगत होते.

एका रविवारी त्यांनी डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारावरच्या माळ्याकडे बोट केलं. काडू. मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे माळा रिकामा करायचा होता तर! आप्पा पहिल्यापासून टापटिपीचे. तिथं मोडका कूलर, पाय गेलेलं स्टूल, जुन्या गाद्या, सगळा पसारा त्यांना कॉटवरून दिवसभर दिसत असणार. मी गल्लीतल्या भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं शिडी लावली आणि एकेक वस्तू खाली द्यायला लागला. कूलर गेला, स्टूल गेलं. मग चादरीत बांधलेल्या काठ्या खाली आल्या आणि मी जरा थबकले.

आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. "काडू," ते म्हणाले. मोठ्यानं.

मला वाटलं, आशा सोडली यांनी. आता आपण नदीवर जात नाही हे त्यांना कळलंय, आणि ते स्वतःच सांगताहेत, काढून टाक. मी भंगारवाल्याला खूण केली. तो काठ्या घेऊन कॉटच्या शेजारून दाराकडे निघाला, तसे आप्पा ओरडायला लागले. "काडू! काडू! काडू!" डाव्या हातानं कॉटच्या लोखंडी पट्टीवर बुक्क्या मारत होते. "हो आप्पा, काढतेय," मी म्हणाले, "सगळं काढतेय. थोडा दम धरा." आणि गळांचा डबा मी स्वतः नेऊन हातगाडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलाला मी कौतुकानं सांगितलं की डाव्या हाताला चांगली ताकद आली आहे.

त्या दिवसानंतर आप्पांनी तो शब्द टाकला. मला वाटलं, काम झालं म्हणून. मग हळूहळू बात टाकला, दर टाकला, गरी टाकला. दोन आठवड्यांत त्यांच्या तोंडून एक अक्षर निघेनासं झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, नैराश्य येतं अशा पेशंटना. गोळी वाढवली.

याच सुमारास दिवसाच्या कामाला नवीन मावशी आल्या. घोटीकडच्या खेड्यातल्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, आवाज खणखणीत. आप्पांचं गावही त्याच बाजूचं, भाताच्या खाचरांचं. एका सुट्टीच्या सकाळी मी दारात बसून चहा पीत होते आणि मावशी जास्वंदीची कुंडी उलटी करून माती बदलत होत्या.

"ताई," त्या ओरडल्या, "हिच्यात लय काडू हायेत बगा!"

आतून आवाज आला, "काडू."

मी चहा तिथंच ठेवला. दीड महिन्यात आप्पांच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द होता. आत जाऊन बघते तर ते भिंतीकडून वळले होते, मान उचलून दाराकडे बघत होते.

"काडू म्हणजे काय हो मावशी?" मी विचारलं.

"आता गं बया! काडू म्हंजी काडू. तुमी गांडूळ म्हणता त्ये." मावशींनी कुंडीतला एक लांब लालसर गांडूळ तळहातावर घेतला आणि आत जाऊन आप्पांच्या नाकासमोर धरला. "ह्ये हवं का बाबा? गळाला लावाया? माजा बाप बी लय जायचा माशाला. काडूबिगर हलायचा नाय."

आप्पांनी डाव्या हाताचं बोट पुढं केलं आणि त्या गांडुळाच्या अंगावरून फिरवलं. केसभर जास्त आहे का बघतात तसं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. माळ्याकडे केलेलं बोट, बुक्क्या, काठ्या कॉटच्या शेजारून जाताना फुटलेला तो आवाज, सगळं एकदम समजलं. ते मला काढू सांगत नव्हते. ते थांबवत होते, आणि मी हो हो म्हणत त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं घराबाहेर काढलं होतं.

मला हा शब्द माहीत नव्हता, यात माझा दोष किती, याचा मी पुढं खूप विचार केला. आमच्या घरात गावाकडची बोली चालायची नाही. नोकरी लागून शहरात आल्यावर आप्पांनी ती उंबऱ्याबाहेर काढून ठेवली, चपलेसारखी. आम्ही भावंडं गल्लीतून शिकून 'हाय' म्हटलं की ते जेवता जेवता थांबायचे. "आहे," म्हणायचे. "आ-हे. आपल्या बोलण्यावरून आपल्याला कुणी मागं बसवता कामा नये." आणि पाढा चुकला, व्याकरण चुकलं, की एकच शिवी, "ढ! ढच आहेस!" ती शिवी लागायची नाही, कारण म्हणताना त्यांच्या मिशीत हसू असायचं. मी बी.ए. झाले तेव्हा पेढा भरवतानासुद्धा म्हणाले होते, "घे, ढ." तर असं शुद्ध बोलायला शिकवलेली त्यांची ढ मुलगी त्यांचा काडू शुद्ध करत बसली होती. झटक्यात शहरातले शब्द वाहून गेले आणि तळाशी खाचराच्या बांधावरचा हा शब्द तेवढा राहिला होता. तो मी वहीत दुरुस्त केला होता.

त्या दिवशी मी भंगारवाल्याकडे गेले. तो बिचारा आठवायला लागला. "माल त्याच दिवशी गोडाऊनला गेला ताई. पत्रा तिकडं गेला. बांबू तर कुणाच्या चुलीत गेला असंल आता." त्याची काय चूक?

म्हणून त्या दुकानात मी उभी होते, आणि मला गाळ का खडक हे माहीत नव्हतं.

"बरं, घरी मासे कसले यायचे ते तरी सांगा," दुकानदार म्हणाला. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्याला वेळ होता. "मासा सांगितला की गळ मी सांगतो."

ते मात्र मला आठवत होतं. जिभेला आठवत होतं. "मिशा असलेला," मी म्हटलं, "खवले नसलेला. बाजूला काटे. आई साफ करताना शिव्या द्यायची."

"शिंगटा!" तो खूश झाला. "म्हणजे तळाचा मासा. कणीक-बिणीक नाही, गांडुळावर लागतो. कुठल्या नदीचा?"

"दारणेचा. चेहेडीच्या बाजूला जायचे." गोदावरीत आप्पा कधी गळ टाकत नसत. तिथं लोक पापं धुतात, मासे तीच खाऊन वाढतात, म्हणायचे.

मग त्यानं माझ्यासमोर दुकान मांडलं. एकात एक सरकणारी फायबरची काठी, तिला रीळ. रोहूसाठी कणकेत मिसळायची वासाची पूड. पाण्यावर नाचणारी लाल-पिवळी बुचं. चिलापीसाठी काही घेऊ नका म्हणाला, ती पावाच्या तुकड्यावरही येते. गळांचे आकडे समजावले. आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. हे त्यानं मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी उलटं बोट दाखवलं. ढ ते ढच. शेवटी फायबरची काठी मी हातात घेतली. हलकी होती, छान होती. आप्पांच्या हातात ती कशी दिसेल, हे बघायला मी डोळे मिटले, आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की त्यांना हात एकच आहे.

"वडील टर्नर होते. आता त्यांचा उजवा हात चालत नाही," मी म्हटलं. "आणि बोलता येत नाही. बसवावं लागतं."

दुकानदारानं काठी माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवली. बुचं गोळा केली, पूड कपाटात टाकली. माझ्याकडे न बघता एका लाकडी फिरकीवर तंगूस गुंडाळायला लागला. "काठीला दोन हात लागतात. रिळाला तर लागतातच. यांना हातदोरी द्या. खाली शिसं, वर दोन गळ. तुम्ही फेकायचं, आणि दोरी यांच्या बोटावर ठेवायची. पहिल्या बोटावर. मासा आधी चाचपतो, मग ओढतो. चाचपलेलं काठीला कळत नाही, बोटाला कळतं." त्यानं फिरकी कागदात गुंडाळली. "टर्नर होते म्हणालात ना? मग त्यांना शिकवायला नको."

घरी आल्यावर मी फिरकी आप्पांच्या छातीवर ठेवली. त्यांनी कागद उघडला नाही. नुसता हात ठेवून पडले. मला धास्ती वाटत होती की ते काठ्या कुठं म्हणून माळ्याकडे बघतील. बघितलं नाही. मला ते जास्त लागलं.

मावशींनी काडू जमवले. डालड्याचा जुना डबा, त्यात ओली माती, आणि वर मी चहाचा चोथा टाकला. कारण ते मला एकाएकी आठवलं. पूर्वी टाकीच्या खाली आप्पांचा असाच डबा असायचा आणि आई रोज गाळणीतला चोथा गायब झाला म्हणून भांडायची. "सकाळी विहारात पहिलं शील म्हणायचं, प्राणिमात्रांना मारणार नाही, आणि दुपारी खिशात गळ," असं ती टोचायची. आप्पा म्हणायचे, "म्हणून तर लहान सोडून देतो." वितीपेक्षा लहान मासा घरी आणायचा नाही हा त्यांचा कायदा होता. त्यांचं शील वितीपासून सुरू व्हायचं, असं आई म्हणायची.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी, गल्लीतल्या रिक्षावाल्याला विनवून मी त्यांना दारणेवर नेलं. प्लास्टिकची खुर्ची, उशी, पाण्याची बाटली, गोळ्या, डायपर, टॉवेल, डबा. एवढ्या तयारीत माझी निम्मी ताकद गेली. रिक्षावाल्यानं आणि मी आप्पांना धरून काठावर बसवलं. खांद्यावर शाल टाकली. मग रिक्षावाला झाडाखाली जाऊन मोबाइल बघत बसला आणि मी डबा उघडला.

काडू गळाला लावायचा म्हणजे काय, हे मी आयुष्यात केलं नव्हतं. तो बोटांतून सुटतो, आक्रसतो, परत लांब होतो. मला मळमळलं. पहिला मातीत पडला, दुसरा तुटला. आप्पा बघत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवून मला थांबवलं आणि हवेत दाखवलं, इथून आत, असा सरकव, आणि शेवटी बोट मोकळं हलवलं. शेपूट सोडायचं. हललं पाहिजे. मी तसं केलं. दोरी फेकली, ती माझ्याच पायाशी पडली. परत फेकली. पाचव्या की सहाव्या फेकीला शिसं जरा पुढं, बऱ्या पाण्यात पडलं. दोरी मी आप्पांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर टाकली.

मग आम्ही बसलो. मी गवतावर, ते खुर्चीत. किती तरी महिन्यांत मी अशी काही न करता बसले नव्हते. पाठ दुखत होती, डोळे मिटत होते. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते, दोरी पाण्यात शिरते तिथं बघत होते. समोरासमोर मला जे जमलं नसतं, ते तेव्हा बोलता आलं.

"आप्पा," मी म्हटलं, "तुमच्या काठ्या मी भंगारात दिल्या. तुम्ही नको म्हणत होता. मला काढू ऐकू आलं."

ते हलले नाहीत. ऐकलं का नाही, कळायला मार्ग नव्हता. "मला माहीत नव्हता तो शब्द," मी म्हटलं, आणि मग मलाच ते पटेना. "आणि दमले होते मी. काहीतरी एक काम संपायला हवं होतं मला. माळा रिकामा झाला की संपेल, असं वाटलं." रडू येत होतं, पण ते यायलाही अंगात जोर लागतो. मी गुडघ्यांवर डोकं टेकलं.

आप्पांचं बोट हललं.

मी डोकं वर केलं. दोरी तशीच होती, पाणी तसंच होतं, मला काही म्हणजे काही दिसलं नाही. पण ते बोट जागं झालं होतं. लेथसमोर उभे असताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला. थांबले. थांबले. आणि मनगटाला एक बारीक झटका दिला. दोरी ताणली. "लागला!" मी ओरडले. रिक्षावालासुद्धा उठून उभा राहिला. मी दोरी ओढायला लागले, आणि गवतात येऊन पडला एक शिंगटा. काळपट, मिशाळ, माझ्या तळहाताएवढा, कुरकुर आवाज करत उड्या मारत होता.

"काडू," आप्पा म्हणाले.

मी ताबडतोब डबा पुढं केला. एवढं तरी आता शिकले होते.

त्यांनी डबा ढकलला. "काडू!"

"हो, देते ना," म्हणत मी माती उकरली आणि त्यातल्या त्यात मोठा काडू शोधून त्यांच्यापुढं तळहातावर धरला. आप्पांनी डोळे मिटले. त्यांच्या मानेची शीर फुगली, छाती वर आली. त्यांना काही होतंय की काय म्हणून मी घाबरून उठले.

"का...ढू."

ढ आला होता. थुंकीसकट आला होता, माझ्या मनगटावर उडाला, पण ढ होता. बोट माशाकडे होतं. माशाच्या तोंडात गळ होता, आणि मासा वितीपेक्षा लहान होता, आणि मी त्याला तिथं तडफडत ठेवून मोठा काडू निवडत होते.

मी मासा धरायला गेले तसा त्याचा काटा माझ्या अंगठ्यात घुसला. कळ डोक्यापर्यंत गेली. तरी धरला. गळ फिरवला, ओढला, नाही निघाला, परत फिरवला आणि काढला. मासा हातातून निसटून उथळ पाण्यात पडला, क्षणभर तिथंच राहिला आणि गेला. मी रक्ताचा अंगठा तोंडात घालून आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. तोंडाची उजवी बाजू तशीच पडलेली होती, डावी वर गेली होती. मिशीत ते जुनं हसू होतं.

"ढ," ते म्हणाले.

तो मागच्या शब्दाचा उरलेला तुकडा नव्हता. ते मला म्हणाले होते. मी तिथं गवतात बसून रडले, अंगठा तोंडात तसाच ठेवून, आणि रिक्षावाला बिचारा दुसरीकडे बघत उभा राहिला. मग आप्पांनी डाव्या हाताचं बोट डब्याच्या कडेवर दोनदा वाजवलं. मी नाक पुसलं, डब्यातून एक काडू घेतला आणि गळाला लावला. शेपूट मोकळं सोडून.